दुसरीच्या पुस्तकात आमच्यासाठी एक पान ठेवा

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे



पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. राज्याच्या नव्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक जाहीर झालं, तेव्हा दुसरीच्या नव्या पुस्तकांसाठी २०२६-२७ हे वर्ष ठरलं होतं. या पुस्तकांत दर घटकाच्या शेवटी एक पान घरच्या माणसांसाठी छापा. गृहपाठाचं पान नको. वर्गात सध्या काय चाललंय, कशासाठी चाललंय, घरी कुणाला दहा मिनिटं मिळाली तर त्याने काय करावं आणि काय मुळीच करू नये, एवढं साध्या मराठीत सांगणारं पान हवं. पुस्तक छापखान्यातून बाहेर पडलं असेल तर पुढच्या आवृत्तीत घाला.

मी बोरिवलीला राहते आणि अंधेरीला नोकरी करते. मुलगी अनुदानित मराठी शाळेत दुसरीला आहे. आमच्या इमारतीत दुसरीतली आणखीही मुलं आहेत आणि प्रत्येकाच्या दप्तरात वेगळी पुस्तकं. कुणी राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळेत. कुणी सीबीएसईला, त्याच्याकडे एनसीईआरटीचं हिंदीचं ‘सारंगी’ आणि इंग्रजीचं ‘मृदंग’. कुणाकडे एखाद्या खासगी प्रकाशकाचा गुळगुळीत कागदाचा महागडा संच. संध्याकाळी मात्र सगळ्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘आज शाळेत काय शिकवलं?’ आणि सगळ्या माध्यमांत, सगळ्या मंडळांत त्याचं उत्तरही एकच येतं, ‘काही नाही.’

सात वर्षांच्या मुलाचा यात काही दोष नाही. आपण दिवसभर ऑफिसात काय केलं, हे मलाही घरी आल्यावर सांगता येत नाही. पण या ‘काही नाही’च्या पलीकडे जायला आमच्याकडे दुसरी वाट कोणती? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांशी नियमित बैठका घेणं आणि मुलाची प्रगती त्यांना सांगणं हेही लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात बैठक शनिवारी असते. वर्गात मुलं पुष्कळ, बाहेर पालकांची रांग, बाईंना प्रत्येकासाठी मिनिटं मोजकीच. ‘हुशार आहे, पण बोलतो फार’ इतकं ऐकून माणूस परत निघतो. बाईंना बोल लावायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असते तर तेवढंही बोलणं झालं नसतं.

मग राहतो तो वर्गाचा व्हॉट्सॲप गट. त्यावर निरोप येतो, पान ३४ पूर्ण करून घेणे. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून बहुधा याला गृहपाठ म्हणत नाहीत. पान ३४ कशाबद्दल आहे, ते का करायचं, मुलाला त्यातलं काय यायला हवं आणि काय नाही आलं तरी चालेल, हे निरोपात नसतं. मग रात्री साडेनऊला पान ३४ ‘पूर्ण’ होतं. अर्धं मुलीच्या अक्षरात, अर्धं माझ्या आवाजात.

उपनगरांतल्या ट्यूशनचं रहस्यही इथेच आहे, असं मला वाटतं. दुसरीच्या मुलाला शिकवणी कशाला, असं म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे. पण घाटकोपरच्या चाळीतली किंवा अंधेरीच्या टॉवरमधली आई शिकवणीला पैसे देते ते बरेचदा ज्ञानासाठी नसतात. वर्गात काय चाललंय ते कुणाला तरी ठाऊक आहे, या दिलाशाचे ते पैसे असतात. ही माहिती पुस्तकात फुकट मिळाली तर निम्म्या शिकवण्या आपोआप ओस पडतील. हा माझा अंदाज आहे, पण बिनबुडाचा नाही.

आता आपल्याच घरातल्या एका गोष्टीची आठवण करून देते. २०१९च्या जूनमध्ये दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. त्यात संख्या वाचायची आणखी एक रीत दिली होती. सत्तावीसला ‘वीस सात’, त्र्याण्णवला ‘नव्वद तीन’. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या. पण ते कुणी वाचायला थांबलं नाही. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाली असं जाहीर झालं, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरूनही कोटी झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांनी शांतपणे पुन्हा पुन्हा सांगितलं की मराठीत सुट्यांचं नाव आधी येतं आणि दशकाचं नंतर, लिहिताना मात्र दशक आधी लिहावं लागतं. ‘सत्तावीस’ ऐकलं की मुलाच्या कानात आधी सात पडतात आणि ते ७२ लिहून मोकळं होतं. वर त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव यांतली जोडाक्षरं. कानडी, तेलुगू, तमिळ मुलांना हा फेरा नाही. इंग्रजीतही विसाच्या पुढे नाही.

त्यांचं म्हणणं मला पटतं. नव्या रीतीने भाषा बुडत नव्हती. ती एक कुबडी होती, चालता येऊ लागलं की टाकून द्यायची. नॉर्वेने तर १९५१मध्ये सरकारी निर्णयाने अशीच उलटापालट केली. आधी सुटे आणि मग दशक असा तिथलाही जुना क्रम होता, तो बदलून दशक आधी आणला. जुनी रीत लोकांच्या तोंडी राहिली ती राहिलीच, आणि नॉर्वेजियन भाषाही अजून आहे. मंगलाताई २०२३च्या जुलैमध्ये गेल्या. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या बाईंवर मुलांना गणित सोपं करून दिल्याबद्दल टीका झेलायची वेळ यावी, हे आपल्याला फारसं शोभलं नाही.

पण माझा मुद्दा त्या वादाचा निकाल लावण्याचा नाही. मला विचारायचंय ते हे, की दुसरीतल्या मुलाच्या घराला ही बातमी कुणाकडून कळली? टीव्हीवरून. ज्या पुस्तकात बदल झाला ते पुस्तक त्याच घरात, त्याच मुलाच्या दप्तरात होतं. त्यात पालकांना उद्देशून एक सरळ पान असतं, ‘तुमचं मूल यंदा सत्तावीसला वीस सात म्हणेल, घाबरू नका, कारण असं असं आहे, सत्तावीसही शिकवणार आहोत, आजीने खुशाल सत्तावीस म्हणावं’, तर निम्मी ओरड उठलीच नसती. आपल्याकडे सांगण्यासारखं होतं, फक्त ते ज्याला सांगायचं त्याला सांगितलं गेलं नाही.

मुंबईच्या उपनगरांत तर हा आकड्यांचा गोंधळ रोजचा आहे. मूल शाळेत ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हणतं, आजी ‘सत्तावीस’ म्हणते, भाजीवाला ‘सत्ताइस’ म्हणतो, मुलुंडच्या किराणावाल्याकडे त्याचं गुजराती रूप ऐकू येतं. चारांपैकी एकाच भाषेत दशक आधी येतं. मुलाने २७ला ७२ लिहिलं की घरात ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ सुरू होतं. त्याचं लक्ष जागेवरच असतं. ते जे ऐकू आलं तेच लिहीत असतं. कारण ठाऊक असलेली आई रागावत नाही. ती म्हणते, ‘बरं, यात दहाचे गठ्ठे किती ते आधी सांग.’ आईला ते कारण आपणच सांगू शकता.

वजाबाकीचं तर विचारूच नका. ५२ वजा २७ हे एक गणित घ्या. शाळेत बाईंनी काड्यांचे गठ्ठे करून दाखवलेले असतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या काढायच्या आहेत, पण आहेत दोनच. मग एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. घरी बाबा येतात. ते म्हणतात, ‘हे काय काड्याबिड्या? दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक हातचा घे.’ शेजारून घेतलेला एक इकडे येताच दहा कसा होतो, हे बाबांना चौथीपासून कुणी विचारलेलं नाही, म्हणून त्यांना ते सांगताही येत नाही. मग आजोबा. त्यांची हयात दुकानदारीत गेलेली. ते वजाबाकी करतच नाहीत. सत्तावीसपासून वर चढतात. तीन दिले की तीस, वीस दिले की पन्नास, वर दोन, झाले पंचवीस. सुटे परत देणारा माणूस हिशेब असाच करतो.

तिन्ही रीती बरोबर आहेत. माझ्या मते आजोबांची सगळ्यांत देखणी आहे. पण एका रात्रीत एका सात वर्षांच्या डोक्यावर तिन्ही आदळल्या की ते मूल उत्तराकडे बघणं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. कुणाचं खरं? बाईंचं की बाबांचं? यात गणित मागे पडतं आणि निष्ठेचा प्रश्न पुढे येतो. मूल बहुतेक वेळा बाईंच्या बाजूने उभं राहतं आणि रडतं. या महिन्यात गठ्ठा सोडण्याचं काम चालू आहे, हातचा पुढे येणार आहे, एवढं बाबांना आधी माहीत असतं तर ते गप्प बसले असते. निदान बसण्याची शक्यता होती.

केंद्राच्या निपुण भारत अभियानाने २०२१मध्ये दुसरीसाठी जी लक्ष्यं ठरवली ती वाचून मला हायसं वाटलं होतं. ९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, ९९पर्यंतची वजाबाकी यावी. बस. आणि आमच्या इमारतीत दुसरीच्या मुलांकडून वीसपर्यंत पाढे घोकून घेतले जातात, ‘स्पर्धा आहे ना’ म्हणून. खरी अपेक्षा एवढी छोटी आणि नेमकी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आपल्या पुस्तकांच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तींची पानं असतात, हे मला माहीत आहे. ती मी वाचली आहेत. प्रशिक्षणात बसलेल्या शिक्षकाला ती समजत असतील. संध्याकाळची विरार लोकल पकडून, बोरिवलीला दारातल्या गर्दीतून स्वतःला बाहेर काढून घरी आलेल्या माणसाला ती कळणार नाहीत. ‘अध्ययनार्थी’ हा शब्द दिसला की तो पान उलटतो.

याच लक्ष्यांतला एक आकडा मात्र घरात पोचला आणि त्याने उपद्रव केला. दुसरीच्या मुलाने अनोळखी, पण वयाला साजेसा मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा. यातलं ‘अर्थ समजून’ वाटेत गळालं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच उरलं. आता मुलं श्वास न घेता वाचतात आणि शेवटी ‘किती झाले?’ असं विचारतात. गोष्टीतला कोल्हा मेला की जगला, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. वेग मोजण्यामागे खरं कारण आहे. अक्षर अक्षर लावत फार हळू वाचलं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, मग अर्थ लागत नाही. म्हणजे वेग अर्थासाठी आहे. ही तीन वाक्यं घरच्यांच्या पानावर असती, तर स्टॉपवॉच परत स्वयंपाकघरात, कुकरच्या कामी गेलं असतं.

दुसरीतलं वाचन किती महत्त्वाचं आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ पाहणीत देशभरातल्या मुलांपुढे जो मजकूर ठेवतात, त्यातला सगळ्यांत वरचा टप्पा दुसरीच्या पातळीचा असतो. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना तो वाचता आला. २०२२मध्ये, करोनानंतर, हे प्रमाण २०.५ टक्के होतं. ही पाहणी खेड्यांत होते, शहरांत होत नाही. म्हणून मुंबईत आपण निवांत असतो.

खरं तर मुंबईइतकं वाचायला फुकट साहित्य कुठल्याच खेड्यात नाही. दुकानांवरच्या मराठी पाट्यांचा कायदा २०२२मध्ये कडक झाला. सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत २०२३च्या नोव्हेंबरमध्ये संपली आणि सगळी उपनगरं ठळक देवनागरीने भरून गेली. त्या पाट्यांवर मराठी शब्द कमी आणि देवनागरीतले इंग्रजी शब्द जास्त, म्हणून भाषाप्रेमी हळहळतात. दुसरीच्या मुलासाठी मात्र हा खजिना आहे. दुसरी म्हणजे जोडाक्षरांचं वर्ष. ‘ज्वेलर्स’ हा शब्द त्याने हजारदा ऐकलेला असतो. समोर तो लिहिलेला दिसला की अर्धा ज व ला कसा चिकटला आणि र वर चढून कसा बसला, हे त्याचं त्यालाच उमगतं. ‘ड्रायफ्रूट्स’ आणि ‘मोबाइल ॲक्सेसरीज’ ही तर वरच्या इयत्तेची परीक्षा.

आमच्या दहिसर-अंधेरी मेट्रोवरही चढत्या क्रमाने पाठ लावून ठेवल्यासारखी स्थानकं आहेत. देवीपाडा, मागाठाणे, कुरार, मोगरा ही सोपी, एकही जोडाक्षर नाही. आकुर्लीला रफार. जोगेश्वरीला श्व. आणि सगळ्यांत अवघड नाव नेमकं आमच्या वाट्याला आलंय, राष्ट्रीय उद्यान. मुलीला ते वाचता आलं त्या दिवशी तिने ते डब्यातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि एका काकांनी कानातले हेडफोन काढून तिला पुन्हा वाचायला लावलं. याला मी घरचा अभ्यास म्हणते. यासाठी वेगळा वेळ लागत नाही. फक्त कुणीतरी आईला सांगावं लागतं की बाई, यंदा जोडाक्षरं आहेत, पाट्या वाचू द्या.

वेळेबद्दलही बोलायला हवं. २०२४मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय झाला. मुलांच्या झोपेसाठी उत्तमच. पण जे आईबाप सव्वाआठला घर सोडतात, त्यांची मुलाशी सकाळची भेट त्यात गेली. रात्री आठ ते दहा एवढा वेळ हातात राहतो. त्यातच जेवण, आंघोळ, उद्याचा डबा, भांडण आणि समेट. यातून शाळेसाठी फार तर दहा-पंधरा मिनिटं निघतात. म्हणूनच ती नेमकी कशावर खर्च करायची, हे सांगणाऱ्या पानाची किंमत मला जास्त वाटते. ज्याच्याकडे तीन तास आहेत तो चाचपडत का होईना, कुठेतरी पोचतो.

आपण कदाचित म्हणाल की पालकांना शिकवता येत नाही, ते शिक्षकांचं काम आहे. याला उत्तर म्हणून आमच्याच शहरातला एक जुना प्रयोग सांगते. १९९०च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा पुरी केलेली एखादी तरुण मुलगी. दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन ती वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि फक्त पायाभूत वाचन आणि आकडे करून घ्यायची. २००१ ते २००३ या काळात कुर्ल्याच्या एल विभागात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम काटेकोरपणे तपासला. मुंबईत पहिल्या वर्षी ज्या वर्गांत बालसख्या होत्या त्यांत दुसरीचे वर्गही होते. मुलांचे गुण खरोखर वाढले आणि सगळ्यांत जास्त फायदा सगळ्यांत मागे असलेल्यांचा झाला. पुढे २०१९मध्ये या दोघांना नोबेल मिळालं, तेव्हा आपण बॅनर्जींच्या मराठी-बंगाली मुळांवर भरपूर लिहिलं. कुर्ल्याच्या त्या बालसख्यांवर कुणी फारसं लिहिलं नाही.

त्या मुली काही डी.एड. नव्हत्या. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. त्या मुलाच्या जवळच्या होत्या आणि आपल्याला नेमकं काय करायचंय ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. जवळची माणसं तर घरात आहेतच.

घरातल्या मदतीचा चमत्कार होतो, असंही मी म्हणणार नाही. बिहार आणि राजस्थानात फारशा न शिकलेल्या आयांना मुलांबरोबर घरी करायचे छोटे उपक्रम देऊन पाहिले गेले. मुलांच्या गणितात फरक पडला, पण थोडा. मला तो थोडा फरक पुरेसा वाटतो, कारण त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. आपल्या राज्यातही पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२पासून ‘पहिले पाऊल’ मेळावे झाले, मातांचे गट झाले, त्यांना घरी करायच्या कृती दिल्या गेल्या. दाखल होण्याआधी आईला जवळ बोलावणारं खातं मूल दुसरीत गेलं की तिला विसरतं, हे विचित्र नाही का?

जागा नाही, पानं वाढतील, खर्च वाढेल, असं कुणी म्हणेल म्हणून आठवण करून देते. २०२३-२४पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांमागे नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. दप्तर हलकं व्हावं हा हेतू. वह्या काही गेल्या नाहीत, पुस्तकं जाड झाली आणि २०२५च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. कोऱ्या पानांना जागा मिळाली होती. छापील पानाला का मिळू नये?

लिहील कोण, हाही प्रश्न नाही. १९७१पासून ‘किशोर’ काढणारी आपली संस्था आहे. मुलांशी गोड मराठीत कसं बोलायचं ते आपल्याला येतं. त्याच मंडळींपैकी कुणाला तरी आमच्याशी बोलायला बसवा. समितीला मात्र लिहायला देऊ नका. समिती लिहायला बसली की ‘पालकांनी पाल्यास प्रोत्साहित करावे’ असं लिहिते आणि मग आम्ही पाल्यास प्रोत्साहित करत नाही.

नमुन्यादाखल एक पान मीच लिहून पाठवते. हसू नका.

‘घरच्यांसाठी. या महिन्यात मुलं दोन अंकी वजाबाकी शिकत आहेत. काड्यांचा एक गठ्ठा सोडून त्याच्या दहा सुट्या करायच्या, ही यातली नवी गोष्ट आहे. तुम्हाला येणारी हातच्याची रीत बरोबर आहे. ती पुढे येणार आहे, आत्ता सांगू नका. मूल अडलं तर काड्या, चमचे, कपड्यांचे चिमटे, हाताशी असेल ते द्या आणि “कसं केलंस ते मला दाखव” म्हणा. उत्तर चुकलं तर खोडरबर लगेच उचलू नका, आधी त्याचं ऐकून घ्या. बसमधून जात असाल तर बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला दहा रुपये आहे. तीन मोठ्या माणसांचे किती, पन्नासची नोट दिली तर परत किती, हे त्याला विचारा. वाहकाच्या आधी उत्तर आलं तर पाठ थोपटा. तीन-चार वजाबाक्या पुरेत. मूल पेंगत असेल तर झोपू द्या.’

असं पान वाचायला दोन मिनिटं लागतात. आणि त्यातला सगळ्यांत मोलाचा शब्द ‘पुरेत’ हा आहे. किती करायचं हे आम्हाला कळत नाही, म्हणून आम्ही फार करतो. थांबा असं अधिकाराने सांगणारं कुणीतरी हवं असतं. शेजारणीने सांगून आम्ही ऐकत नाही, बालभारतीचं ऐकू.

भाषेचा एक पेच आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि ते योग्यच झालं. पण घाटकोपरच्या गुजराती घरातली किंवा अंधेरीच्या मल्याळी घरातली आई मुलाचं मराठीचं पुस्तक उघडते आणि तिला त्यात शिरायला दारच सापडत नाही. तिला मराठीबद्दल राग नसतो. ती हतबल असते, आणि हतबलतेचा राग व्हायला वेळ लागत नाही. इंग्रजी आणि इतर माध्यमांच्या मराठीच्या पुस्तकात घरच्यांचं पान त्या माध्यमाच्या भाषेत असू द्या. आमच्याकडच्या मराठी शाळांतही कित्येक मुलांच्या घरी भोजपुरी किंवा कानडी बोलली जाते. तिथे ऐकायची सोय लागेल. आपल्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतातच, त्यांतला एखादा आम्हाला द्या.

पालक लुडबुड करतील, शाळेच्या कामात नाक खुपसतील, ही भीती काही शिक्षकांनी माझ्याकडे बोलून दाखवली आहे. ती खोटी नाही. पण लुडबुड तर आजही चालूच आहे, आंधळेपणाने. पाठ काय आहे हे ठाऊक नसलेला बाप जास्त प्रश्न विचारतो, ठाऊक असलेला कमी. आणि शनिवारच्या त्या रांगेत ‘माझा मुलगा कसा आहे?’ याऐवजी ‘गठ्ठा सोडताना तो कुठे अडतो?’ असं एखाद्या आईने विचारलं, तर बाईंनाही तीन मिनिटांत काहीतरी सांगता येईल.

मसुदा तयार झाला की तज्ज्ञांकडे जाण्याआधी तो एकदा आमच्याकडे पाठवा. दुपारच्या बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात तो मोठ्याने वाचून दाखवायची जबाबदारी माझी. ज्या वाक्याला कुणी ‘म्हणजे काय?’ विचारेल, ते वाक्य खोडून आपल्याला परत पाठवीन.

कळावे.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आई
बोरिवली (पूर्व), मुंबई

ता. क. : क्यूआर कोडवर आवाजी पान ठेवलंत तर ते दोन मिनिटांहून मोठं नको, व्हिडिओ नको, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसताना चालायला हवं. आमच्या घरात मोबाइल एकच असतो आणि रात्री तो मुलाच्या हातात द्यायची आम्हाला भीती वाटते.